एक तुमच्यासाठी, एक ओळखीत द्यायला

गजानन तायडेने मला माझ्याच दुकानात उभं राहून, मीच छापलेलं त्याचं कार्ड निदान चौदा वेळा दिलं असेल. नेहमी दोन. "एक तुमच्यासाठी, काका, एक ओळखीत द्यायला." अरे बाबा, मीच छापलंय ते, अजून शाई ओली आहे, बोटं काळी होतील, असं म्हटलं तरी त्याचा हात पुढेच. समोर माणूस दिसला की त्याचा हात खिशात जायचा आणि दोन कार्डं घेऊन बाहेर यायचा. समोरचा कोण आहे हे बघायची त्या हाताला सवयच नव्हती.

माझी प्रेस कसबा पेठेत. प्रेस म्हणायचं आपलं. एक कॉम्प्युटर, एक जुनं ऑफसेट मशीन आणि मी. मी फटकळ आहे असं गल्लीत म्हणतात. गल्लीतल्या बाकीच्यांच्या मानाने मी गोडच बोलतो. मध्यंतरी निरोप आला की तायडेसाहेबांच्या पन्नाशीनिमित्त गौरव अंक निघतोय, तुम्ही जुने स्नेही, दोन पानं लिहा. छपाईही माझ्याकडेच आहे म्हटल्यावर नाही कसं म्हणणार? लिहून दिली. त्या दोन पानांत त्याचं नाव आणि जन्मतारीख सोडली तर एक अक्षर खरं नाही. खरं जे आहे ते इथे लिहून ठेवतो.

पहिल्यांदा आला तेव्हा चाकणकडे एका कारखान्यात कामाला होता आणि बिबवेवाडीत दोन खोल्या भाड्याने घेऊन राहत होता. मूळचा यवतमाळकडचा. इस्त्रीचा शर्ट, पायात चपला.

"कार्ड छापाचे आहे जी. शंभर."

"धंदा काय?"

"तो ठरून राहिला."

"मग कार्डावर काय छापू, तुझं डोकं?"

"नाव छापा ना. अन् फोन नंबर. मानूस लक्षात राहिला का धंदा कायचाही करता येते."

मी हसलो. तो गेल्यावर शेजारच्या घड्याळवाल्याला बोलावून त्यालाही सांगितलं, तोही हसला. संध्याकाळपर्यंत अर्धी गल्ली हसत होती. आज त्याची तीन दुकानं आहेत, माल दुबईला जातो, आणि घड्याळवाल्याने दुकान बंद करून जागा भाड्याने दिली आहे. ती तिसरी शाखा. भाडेकरू गजाननच.

पुण्यात वर जायचं तर जीभ बदलायला हवी हे त्याने पहिल्या महिन्यातच ओळखलं. तासन्‌तास दुकानात बसायचा, गिऱ्हाईकांशी मी कसा बोलतो ते ऐकायचा. 'हाव'चं 'हो' झालं, 'तुमाले'चं 'आपल्याला' झालं. 'डोया'चा 'डोळा' करायला मात्र सहा महिने लागले. नंतर असा बोलायला लागला की सदाशिव पेठेतल्या माणसाला आपलंच मराठी गावठी वाटावं. फक्त फार दमला की 'जी' निसटायचं.

धंदा त्याला त्याच्या आईने दिला. वडील गेले तेव्हा तिला गावाहून इकडे आणलं. वेणूबाई. बुटकी, काटक, मोकळं कपाळ, आणि हातात मसाल्याचा डबा. तिचा काळा मसाला मी खाल्ला आहे, त्याबद्दल खोटं बोलणार नाही. तसा मसाला पुन्हा मिळाला नाही, त्याच्या दुकानातही नाही. तिने केलेला मसाला छोट्या पुड्या बांधून तो कारखान्यात वाटायला लागला. प्रत्येक पुडीला दोन कार्डं टाचलेली. वर्षभरात नोकरी सोडली. घरात तिला तो माय म्हणायचा. पाकिटावर ती आई झाली.

हे सगळं मसाल्याच्या जोरावर झालं असं समजू नका. मसाला तर पुण्यात गल्लोगल्ली मिळतो. झालं ते ओळखींवर. लग्न, मुंज, वास्तुशांत, सोसायटीचा गणपती, कुठेही हा हजर. पण त्याचं खास कौशल्य समाचाराला जाण्यात होतं. माणूस गेलेल्या घरात सुतकात चूल पेटत नाही, शेजारीपाजारी पिठलंभात आणून देतात. हा जायचा, मान खाली घालून पाच मिनिटं बसायचा, आणि उठताना घरातल्या जावयाच्या हातात एका केटररचं कार्ड ठेवायचा. तेरा दिवसांचे डबे, शेवटच्या दिवशीचं जेवण, सगळं एकत्र. केटरर मसाला घेणार याच्याकडून. मी एकदा म्हटलं, "लाज नाही वाटत?" तर म्हणाला, "काका, जावई सगळीकडे एकच प्रश्न विचारत असतो, जेवणाचं काय करायचं. मी उत्तर देतो. लोक मला दुवा देतात." खरंच देत होते. हेच तर माझं दुखणं आहे. त्याच्यावर चिडावं तर तो उपयोगी पडलेला असायचा.

मलाही पडला. बायकोच्या छातीत दुखायला लागलं त्या दिवशी मी घाबरून त्याला फोन केला आणि अर्ध्या तासात बेड, डॉक्टर, सगळं ठरलेलं. तो स्वतः आमच्या आधी पोचला होता. बायकोला आत नेलं तेव्हा मी बाकावर देवाचं नाव घेत होतो आणि हा कॅन्टीनवाल्याला दोन कार्डं देत होता. ती बरी होऊन घरी आली. त्या कॅन्टीनच्या मिसळीत आजही त्याचाच मसाला आहे.

त्यानेच मला बुधवारच्या गटात ओढलं. दर बुधवारी सकाळी सात वाजता एका हॉटेलच्या हॉलमध्ये चाळीस-पन्नास धंदेवाले कोट घालून जमतात. प्रत्येक धंद्याचा एकच माणूस: एक वकील, एक दातांचा डॉक्टर, एक पंखे विकणारा. छपाईची जागा रिकामी होती, ती मी भरली. प्रत्येकाने उभं राहून एका मिनिटात आपली ओळख करून द्यायची. मिनिट झालं की एक बाई घंटी वाजवतात. मग रेफरन्स. म्हणजे आपल्या ओळखीतलं एखादं गिऱ्हाईक दुसऱ्या सभासदाला द्यायचं. त्याची हिरवी चिठ्ठी लिहून, उभं राहून, सगळ्यांसमोर. आठवड्याला निदान एक. नाही दिलं तर कोणी काही बोलत नाही, पण इडली आपल्यापर्यंत येते तेव्हा गार झालेली असते.

गजाननच्या एका मिनिटाला घंटी कधी वाजली नाही. बरोबर अठ्ठावन्नाव्या सेकंदाला तो थांबायचा. ते मिनिट मला आता झोपेतही म्हणता येईल. "नमस्कार. मी गजानन तायडे. मी मसाला विकत नाही, मी माझ्या आईचा हात तुमच्या स्वयंपाकघरात पोचवतो. आजही प्रत्येक डब्याची चव माझी आईच बघते. ती माझ्याजवळ आहे, म्हणून माझ्याजवळ सगळं आहे." इथे डोळे किंचित ओले. पंखेवाला दर बुधवारी रुमाल काढायचा. गाढव.

आता फोटोचं सांगतो, कारण त्यात माझा हात आहे. पाकिटावर आईचा फोटो हवा ठरलं. फोटोग्राफर बिबवेवाडीला गेला, वेणूबाईंना नऊवारी नेसवली, नथ घातली, मांडीजवळ खलबत्ता. फोटो माझ्याकडे आला. गजानन कॉम्प्युटरशेजारी उभा. बघून म्हणाला, "चेहरा भुंडा दिसतोय काका. कुंकू टाका."

मी म्हटलं, "अरे, तुझे वडील जाऊन..."

"गिऱ्हाईकाला काय माहीत? पाकिटावर कपाळ मोकळं दिसलं की सणावाराला कोण घेईल? ठसठशीत टाका."

मी टाकलं. दोनदा बटण दाबलं आणि बाई सवाष्ण झाली. दहा हजार पाकिटं छापून मी स्वतः पोचवायला गेलो. वेणूबाईंनी एक पाकीट हातात घेतलं, उजेडाला धरलं आणि अंगठ्याने कपाळावर घासायला लागल्या. शाई पक्की होती. थोड्या वेळाने मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हे पुसता येते का जी? गावचं कोनी पायलं तर काय म्हनन मले?"

"पुढच्या छपाईला काढू," मी म्हणालो.

त्यानंतर तेवीस छपाया झाल्या. कुंकू आहे तिथेच आहे. उलट मधे एकदा रंग फिका आला म्हणून गजाननने अख्खी खेप परत पाठवली होती.

मग शेवाळे गटात आला. लोणी काळभोरला त्याने वृद्धाश्रम काढला होता. तो त्याला ज्येष्ठांचं रिसॉर्ट म्हणायचा. चार बुधवार झाले तरी त्याला एकही चिठ्ठी मिळाली नव्हती. कशी मिळणार? कोणाच्या आईबापांचं नाव चिठ्ठीवर लिहायचं? पाचव्या बुधवारी अध्यक्ष म्हणाले, "शेवाळेंसाठी कोणीच नाही? गट म्हणून आपल्याला हे शोभतं का?" सगळे इडलीकडे बघायला लागले.

त्या आठवड्यात गजाननकडे एकही रेफरन्स नव्हता. पावसाने तीन दिवस घरात अडकला होता. चार वर्षांत एकही बुधवार त्याने कोरा जाऊ दिला नव्हता, आणि तो विक्रम दर महिन्याला फळ्यावर लागायचा. मी त्याच्या शेजारीच होतो. त्याने खिसे चाचपले, फोनमधली नावं वरखाली केली. मग हिरवी चिठ्ठी ओढून भराभर लिहिली आणि उभा राहिला.

"शेवाळेसाहेब, माझ्याकडून एक रेफरन्स. पक्का. कुटुंबाची संमती आहे, पुढच्याच आठवड्यात प्रवेश घेतील."

"वा! नाव?" शेवाळेने पेन काढलं.

"वेणूबाई तायडे. माझ्या मातोश्री."

हॉलमध्ये चमचे वाजायचे थांबले. मला वाटलं आता कोणीतरी उठून याच्या कानाखाली वाजवेल. उठला तो पंखेवाला, आणि टाळ्या वाजवायला लागला. मग वकील, मग दातांचा डॉक्टर, मग सगळा हॉल. अध्यक्ष म्हणाले, "याला म्हणतात विश्वास! स्वतःच्या घरचा रेफरन्स!" गजाननच्या कोटावर महिन्याच्या सर्वोत्तम रेफरन्सचा बिल्ला लागला.

मीही टाळ्या वाजवल्या. माझी निम्मी छपाई त्याच्याकडून येत होती.

बाहेर पार्किंगमध्ये मी त्याला गाठलं. "आईला विचारलंस?"

"काका, तिथे डॉक्टर आहे, बाग आहे. हल्ली तिचं लक्ष राहत नाही, परवा मसाल्यात मीठ दोनदा टाकलं. तिची खोली मालासाठी हवीच होती."

"मग तसं म्हण. चिठ्ठीवर कसली देतोस आईला? जा आणि परत घे."

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याला भर रस्त्यात धोतर सोडायला सांगतोय. "दिलेला रेफरन्स मागे घ्यायचा? पन्नास लोकांसमोर दिलेला? उद्या माझ्या शब्दावर कोण विश्वास ठेवेल काका?"

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि तुम्ही काय केलंत?" मी म्हटलं, टाळ्या वाजवल्या. ती उठून आत गेली. त्या दिवशी चहा मी माझा केला.

पुढच्या मंगळवारी लेबलं द्यायला बिबवेवाडीला गेलो तर दाराशी एक पिशवी भरून ठेवलेली आणि वेणूबाई शेजारी खुर्चीवर. मला बघून हसल्या. "पंधरा दिवसासाठी जाऊन राहिली जी मी. गजू म्हने घराले रंग द्याचा हाय, वासानं मले दम लागन. वाळते ना पंधरा दिवसात?"

मी भिंतींकडे बघितलं. रंग मागच्याच दिवाळीला दिलेला होता. आत गजानन फोनवर शेवाळेशी बोलत होता.

"वाळतो," मी म्हणालो.

माझ्या आयुष्यात मी पुष्कळ लोकांना पुष्कळ तोडून बोललो आहे. नेमकं त्या दिवशी जीभ कुठे गेली होती कोण जाणे.

चार-पाच महिन्यांनी वृद्धाश्रमाची कॅलेंडरं द्यायला लोणी काळभोरला गेलो. बाग होती, खोटं नव्हतं. वेणूबाई व्हरांड्यात लसूण सोलत बसल्या होत्या. तिथले लोक त्यांना पाकिटवाली आजी म्हणायचे. मला ओळखलं. पहिलाच प्रश्न, "रंग वाळला का जी?" मी म्हटलं, पावसामुळे वेळ लागतोय. "हाव, पावसात नाही वाळत," असं म्हणून त्यांनी मलाच समजावलं. निघताना पुन्हा विचारलं, फाटकाशी आलो तेव्हा पुन्हा. मला वाटलं मुद्दाम विचारतायत. तसं नव्हतं. विचारल्याचं आठवतच नव्हतं.

गजाननला फोन करून सांगितलं. "आई विसरायला लागली आहे, ये एकदा." म्हणाला, "येतोच काका, हा पुरस्कार एकदा होऊ दे." हा पुरस्कार म्हणजे पैसे भरून मिळतो त्यातला, शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह, मानपत्र. मानपत्र अर्थात माझ्याकडे. 'मातृसेवेचा वसा घेतलेले उद्योजक' असं मी लिहिलं, दोन ठिकाणी नक्षी टाकली आणि मातृसेवेचा 'मा' जरा मोठा घेतला. चांगलं दिसत होतं.

पुरस्कारानंतर दुबई झाली. दुबईनंतर तिसरं दुकान. माझा फोन दर वेळी उचलायचा, गोड बोलायचा आणि ठेवायचा.

शेवटी या जानेवारीत तो लोणी काळभोरला गेला. आईला भेटायला गेला असं म्हणायची माझी तयारी नाही. वृद्धाश्रमाला नवीन दालन बांधायला त्याने मदत केली होती, त्याला मातोश्री दालन नाव दिलं होतं, आणि उद्घाटनाचा फोटो गौरव अंकाच्या मुखपृष्ठावर घ्यायचा होता. फलक मी केला होता म्हणून मीही बरोबर.

वेणूबाईंना नवी साडी नेसवून खुर्चीवर बसवलं होतं. फार वाळल्या होत्या. गजानन शेजारच्या खुर्चीवर बसला, फोटोग्राफर सरसावला. गजाननने तिच्या खांद्यावर हात टाकला. तिने अंग चोरलं, पदर पुढे ओढला आणि परक्या माणसाला करून देतात तशी जागा करून दिली.

"माय, मी गजू."

तिने नीट बघितलं. सूट, चष्मा, शाल. "कोन जी?"

"गजू, माय. तुझा गजू."

ती कसनुशी हसली. मोठा माणूस दिसतोय, नाराज नको करायला, असं काहीतरी. मग तिने मान वळवून शेवाळेकडे बघितलं, हा कोण म्हणून.

बारा वर्षांत पहिल्यांदा मी गजाननच्या चेहऱ्यावर काहीच नसलेलं बघितलं. फोटोग्राफर थांबला, शेवाळे थांबला. मला वाटलं आता हा रडेल, आणि खरं सांगतो, रडला असता तर मी त्याला सगळं माफ केलं असतं. त्याचे ओठ हलले. मग त्याचा हात आपोआप खिशात गेला.

"नमस्कार," तो म्हणाला. "मी गजानन तायडे. मी मसाला विकत नाही, मी माझ्या आईचा हात तुमच्या स्वयंपाकघरात पोचवतो..."

सगळं म्हटलं. एक शब्द गाळला नाही. "आजही प्रत्येक डब्याची चव माझी आईच बघते. ती माझ्याजवळ आहे, म्हणून माझ्याजवळ सगळं आहे." त्याच जागी थांबला, त्याच जागी आवाज ओला झाला. या खेपेला तो नाटकाने झाला की कसा, मला कळलं नाही. त्यालाही कळलं असेल असं वाटत नाही. हात पुढे केला आणि दोन कार्डं तिच्या मांडीवर ठेवली. "एक आपल्यासाठी. एक ओळखीत द्यायला."

तिने कार्ड डोळ्यांजवळ नेलं. कार्डावर तिचाच फोटो, मी लावलेल्या कुंकवासकट.

"ही तुमची माय का जी?"

"हो."

"सवाशीन हाय. नशीबवान हाय बाई." तिने फोटोवरून बोट फिरवलं. "तुमच्याचपाशी राहते?"

शेवाळे खाली बघायला लागला.

"हो," गजानन म्हणाला.

"बरं करता जी. जपा तिले."

मग तिने एक कार्ड कमरेला खोचलेल्या पिशवीत टाकलं. दुसरं टाकणार होती, पण थांबली आणि ते वेगळं मुठीत धरलं.

"हे माह्या पोराले देतो मी," ती म्हणाली. "येनारच हाय तो मले न्याले, घराचा रंग वाळला का. त्याले ओळखी लय आवडते."